मेश्रामभाऊंची सुतळी

सोमवार, ३ जानेवारी १९८३. गडचिरोली, धानगिरणीचं भाड्यानं घेतलेलं गोदाम. हजर: जगताप साहेब; पुल्लावार बडेबाबू, म्हणजे मुख्य लिपिक; आवक-जावक टेबलावरचे उराडेबाबू; मी, कनिष्ठ लिपिक, नोकरीला सात महिने; आणि दयाराम मेश्राम, दफ्तरी. गैरहजर: दोन लिपिक. दोघांचेही पोटदुखीचे अर्ज एकाच शाईत, एकाच अक्षरात.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या डायरीतली आहे. याद्या करायची सवय मला शाळेपासूनची. त्या दिवशी कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून निदान हजेरी मांडली. चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला त्याला थोडेच महिने झाले होते. जमिनीच्या नोंदी सांभाळणारं आमचं कार्यालयही मधोमध फाटलं, आणि पूर्वेकडच्या तुकड्याबरोबर आम्ही पाच जण इकडे आलो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. ते नंतर दोनदा बदललं.

गोदामात कोंड्याचा वास होता. टेबलं उलटी पडलेली. ट्रकमधून उतरवलेले बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे, आढ्यापर्यंत रचलेले. साहेब मूळचे साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले आणि घाईत. म्हणाले, "मेश्राम, आधी बस्ते उघडा. वरून चार माहित्या मागवल्यात."

मेश्रामभाऊंनी "जी" म्हटलं आणि बस्त्यांना हातही लावला नाही. त्यांनी पाण्याचा माठ उचलला. बडेबाबूंचं टेबल सरळ केलं, तिथून भिंतीकडे मोजून बारा पावलं टाकली आणि माठ ठेवला. मग किल्ल्यांचा खिळा ठोकला, दाराच्या उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर. मग घड्याळ, खिळ्याच्या समोरच्या भिंतीवर.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"चंद्रपूरले माठ बारा पावलावर होता, सायेब. बाबूलोकाईचे पाय तिथीच जातीन. बाकी सारं बदललं. पायाले तरी वाटू द्या का आफिस तेच हाय."

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांना वेळ नव्हता. पण चार वाजता मी एक गोष्ट पाहिली. दिवसभर कपाळाला हात लावून बसलेले बडेबाबू हातातल्या कागदावरची नजर न काढता उठले, बारा पावलं चालले, पेला बुडवून पाणी प्याले, परत येऊन बसले. बसल्यावर त्यांनी मान वर केली आणि आपण कुठे आहोत ते पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या संध्याकाळी डायरीत मी मेश्रामभाऊंच्या नावापुढे एक फुली केली. माझ्याकडे फुलीचा अर्थ असतो: याच्यावर लक्ष ठेवायचं.

दफ्तरी म्हणजे चतुर्थ श्रेणी. बस्ते बांधायचे, सोडायचे, मागितलेली फाईल काढून द्यायची, फाटलं तर शिवायचं. मेश्रामभाऊ तेव्हा पंचावन्नचे असतील. शिडशिडीत, काळेसावळे, खाकी सदऱ्याच्या खिशाच्या झाकणात कायम एक दाभण खोचलेली आणि पँटच्या खिशात सुतळीचा गुंडा. शिक्षण सातवी. चामोर्शीकडच्या एका खेड्यातले, घरी धानाची दोन एकर बांधी. आवाज इतका हळू की साहेबसुद्धा त्यांच्याशी बोलताना आपला आवाज खाली आणायचे. प्रत्येक बस्त्याला ते गाठ अशी मारत की ओढली तर घट्ट व्हायची आणि टोक धरून हलकेच खेचलं तर फुलासारखी उलगडायची. मला ती गाठ कधीच जमली नाही. सहा महिने शिकवून ते म्हणाले, "जाऊ द्या बाई, तुमी यादी करा. तुमचा हात यादीचा हाय."

बदलाला ते भीत नसत, हे मला आधी कळलं नव्हतं. मी त्यांना जुन्याला चिकटलेला माणूस समजत होते. एकदा तसं बोललेही. भाऊ दाभणीत दोरा ओवत होते. न थांबता म्हणाले, "बाई, छप्पन साली माह्या बाबाले मी बंडीत बसवून चंद्रपूरले दीक्षेले नेलं. एका दिवसात आमचे देव बदलले, सन बदलले, राम राम बदलला. मान खाली घालून चालनारा माहा बाप वापस येताना बंडीत उभा राहून आला. आमाले त बदलानंच मानूस केलं. मी कायले भिऊ?"

"मग?"

"पन दुसऱ्या दिवशी बाबा सकाळी उठला आन बांधीवर गेला. धानाले पानी त्याच बांधीत, त्याच पाटानं. देव सोडले, बांधी नाई सोडली. दोनी एकाच दिवशी सोडाले लावले असते त बाबा मेला असता."

त्या वर्षी आमच्याकडून दोन्हीच काय, दहा गोष्टी एकदम सोडवून घेतल्या जात होत्या. माझ्या डायरीत पहिल्या दहा महिन्यांची यादी आहे: आवक क्रमांकाची पद्धत तीनदा बदलली. मासिक पत्रकाचा नमुना दोनदा बदलला. दुसऱ्यांदा बदललेला नमुना मागे घेतला आणि मग पुन्हा आणला. ज्या गावाची फाईल आमच्याकडे हवी ती चंद्रपूरला, चंद्रपूरची आमच्याकडे. पोटदुखीवाले दोघं आलेच नाहीत, त्यांची टेबलं आम्हा तिघांत वाटली. बडेबाबूंना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. परिपत्रकं सकाळच्या टपालात येत, आणि संध्याकाळच्या टपालात त्यांची शुद्धिपत्रकं.

सगळ्यात आधी उराडेबाबू मोडले. ते आवक-जावक पाहत. येणारं प्रत्येक पाकीट त्यांच्या हातून फुटायचं. हसरा माणूस, वडसा-देसाईगंजकडच्या नाटकांमध्ये थंडीत विनोदी कामं करणारा. त्या पावसाळ्यात त्यांचं हसणं बंद झालं. एकदा दुपारी फाटलेली रजिस्टरं शिवायला मेश्रामभाऊंनी त्यांच्या टेबलाचा खालचा खण ओढला, तर आत न फोडलेली पाकिटं. खण भरून. मी शेजारीच होते. भाऊंनी खण परत ढकलला, तोही अगदी सावकाश, जणू आत कोणी झोपलंय.

उराडेबाबूंचा चेहरा राखेसारखा झाला. "भाऊ," ते म्हणाले, "सायबाले सांगाल?"

"काय सांगू?"

"माह्यानं पाकीट फोडनं होऊन नाई राह्यलं. हात नाई उठत. पाकीट दिसलं का वाटते, यात आनखी एक नवं असन."

"असनच ना. पाकिटात नवं नाई त काय चिवडा असन?" भाऊ म्हणाले. उराडेबाबू हसले, आणि हसता हसता टेबलावर डोकं टेकून रडायला लागले. भाऊंनी त्यांच्या खांद्याला हात लावला नाही की काही समजावलं नाही. माठाकडे गेले, पाणी आणून ठेवलं, आणि खिशातला सुतळीचा गुंडा काढून हातभर तुकडा तोडला. किल्ल्यांच्या खिळ्याला तो तुकडा बांधला.

सुतळीची ही रीत कुठून आली ते त्यांनी नंतर सांगितलं. त्यांच्या गावालगत गोंडांचा एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, होता. तिथून लग्नाचं बोलावणं यायचं तर चिठ्ठी नसे, गाठी मारलेली दोरी येई. लग्नाला जितके दिवस, तितक्या गाठी. पाहुण्यानं रोज एक सोडायची. शेवटची सुटली की निघायचं. "वाचता येत नाई त्याचंबी चुकत नाई," भाऊ म्हणाले. "आन एका दिवशी दोन गाठी सोडल्या, त लग्नाच्या आधी पोचून उपाशी बसा लागते."

आमची व्यवस्था अशी ठरली. उराडेबाबू पाकिटं फोडणार, भाऊ शेजारी उभे राहणार. तातडीचं बडेबाबू वेगळं काढणार. बाकी परिपत्रकं एका पत्र्याच्या पेटीत. सोमवारी सकाळी साडेदहाला पेटीतून एकच बाहेर काढायचं, आणि मी ते मोठ्यानं वाचायचं. वाचून झालं की भाऊ तीनच प्रश्न विचारत: "बाई, बंद काय झालं? नवं काय झालं? आन तसंच काय हाय?"

पहिल्या दोन्हींची उत्तरं एकेका ओळीत संपत. तिसऱ्याचं उत्तर आम्हाला सुरुवातीला देताच येईना. कारण तसंच काय राहिलं हे परिपत्रकात कोणी लिहीत नाही. ते आम्हीच शोधायचं, आणि भाऊ ते खडूनं दाराच्या आतल्या बाजूला लिहायचे, सातवीतल्या गोल अक्षरात: "सातबारा तसाच हाये. फेरफार तसाच हाये. शिक्का तोच हाये." मग सुतळीवर एक गाठ. सगळ्यांना ते काम न विचारता यायला लागलं, आठवडाभर त्यावर कोणी काही विचारलं नाही, की गाठ सोडायची. सुतळीवर पाचाच्या वर गाठी होऊ द्यायच्या नाहीत.

माझ्यासारखीला हे पोरखेळ वाटायला हवं होतं. पण मी त्या दाराकडे बघत बसायचे. नव्याची यादी मी रोज करत होते. न बदललेल्याची यादी मी आयुष्यात कधी केली नव्हती. आणि ती नव्याच्या यादीपेक्षा कायम लांब असायची! दिवाळीपर्यंत उराडेबाबू एकटे पाकिटं फोडायला लागले. एखादं फोडताना ओरडायचे, "भाऊ, यातबी चिवडा नाई!"

साहेबांचा प्रसंग त्यानंतरचा. डिसेंबरात त्यांनी एक नवीनच नोंदवही सुरू करायचा हुकूम तोंडी दिला. मेश्रामभाऊ त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"काय मेश्राम?"

"सायेब, सुतरी भरली."

"काय भरलं?"

"सुतरी. पाच गाठी झाल्या. आता सावी मारली त पयली सुटनार नाई."

साहेबांचा पारा चढला. "मेश्राम, शासन तुमच्या सुतळीवर चालत नाही."

"नाई सायेब, कागदावरच चालते." भाऊंचा आवाज आणखी हळू झाला. "पन कागद उडू नाई म्हनून सुतरीनंच बांधा लागते ना."

बडेबाबूंनी डोळे मिटले. मी खुर्चीत घट्ट बसले. साहेब उठून बाहेर आले, खिळ्यापाशी गेले, गाठी मोजल्या. प्रत्येक गाठ कशाची ते विचारलं. भाऊंनी न अडखळता पाचही सांगितल्या, कोणाचं किती आलं आणि कोण कुठे अडलंय त्यासकट. आमच्यापैकी कोणाला काय जमत नाही हे साहेबांना वर्षभरात कळलं नव्हतं, ते त्यांना पाच मिनिटांत कळलं. ती नोंदवही संक्रांतीनंतर सुरू झाली. पुढे पुढे साहेब मला मजकूर सांगायच्या आधी मान तिरकी करून खिळ्याकडे बघायचे. पाचशे बस्त्यांत पाहिजे तो कागद भाऊंना सापडायचा याचं मला आश्चर्य वाटे. पण पाच माणसांत कोण कधी मोडेल हे त्यांना आधी कसं दिसे, हे मला आजही सांगता येत नाही.

आता जे लिहायचं आहे त्यात चूक आहे, आणि त्या चुकीत मी आहे.

मार्च १९८४ मध्ये मुदत संपलेलं दप्तर निकाली काढण्याचा आदेश आला. सोबत छापील नमुना. त्यात नऊ प्रकार, आणि खाली दहावी ओळ: "इतर, मुदतबाह्य." नमुना राज्याच्या दुसऱ्या टोकाला बसून कोणीतरी केलेला, तिकडे जे दप्तर असतं तेच त्यात होतं. आमच्या भागात आणखी एक असतं: निस्तारपत्रक. कोणत्या गावानं जंगलातून सरपण कुठून आणायचं, घर शाकारायला बांबू कुठला तोडायचा, गुरं कोणत्या वाटेनं तळ्यावर न्यायची, हा जो गावाचा वहिवाटीचा हक्क, तो निस्तार. आणि तो लिहिलेला कागद ते निस्तारपत्रक. नऊ प्रकारांत निस्तार नव्हता. माझ्यासमोर अकरा गावांची निस्तार रजिस्टरं होती. मी ती सुवाच्य अक्षरात दहाव्या ओळीत लिहिली.

यादी सुंदर झाली होती. साहेबांनी सही करताना तसं म्हटलं. काम इतकं सरळ की कोणी कोणाला काही विचारलं नाही. आठ दिवस कोणीच काही विचारलं नाही, म्हणून भाऊंनी गाठ सोडली. इतक्या लवकर सुटलेली ती पहिलीच गाठ. उराडेबाबूंनी टाळीसुद्धा वाजवली. रद्दीच्या व्यापाऱ्याच्या हमालांनीच यादीतले क्रमांक बघून बस्ते उचलले आणि वडशाला नेले.

एप्रिलच्या शेवटी बाजाराच्या दिवशी कोवेबाई आल्या. भुरकाटोला या जंगलातल्या गावच्या, साठीच्या, हातात काठी. दारातच बसल्या. भाऊ त्यांच्यासमोर उकिडवे बसले, पाणी दिलं, मग विचारलं.

"जंगलाचा गारड बांबू नाई नेऊ देत," त्या म्हणाल्या. "नवा गारड हाय. म्हनते, कागद दाखव. आमी कागद कुठून दाखवू? माहा आजा न्यायचा, माहा बाप न्यायचा. घर उघडं पडलं हाय, दादा. पानी आलं त लेकरं भिजतीन. गावात नऊ घरं तशी हायेत."

"पटवाऱ्याकडं?"

"त्याचा कागद वारवीनं खाल्ला. तो म्हनते, बड्या आफिसात असन. म्हनून आली."

"हाय ना," भाऊ म्हणाले. "बाई, भुरकाटोल्याचं निस्तार कोनत्या बस्त्यात?"

मी यादी काढली. बस्ता क्रमांक शोधत बोट खाली नेलं. बोट दहाव्या ओळीवर थांबलं. भाऊंनी माझ्या बोटाकडे पाहिलं. उठले. खिळ्यापाशी गेले. सुतळीवर तेव्हा दोन गाठी होत्या. त्यांनी त्या दोन गाठींच्या मधली मोकळी जागा चिमटीत धरली आणि तसेच उभे राहिले.

"यादी माझी होती, भाऊ," मी म्हणाले.

"यादी तुमची. गाठ माही." ते वळले. "कोनी काई इचारलं नाई, म्हनून मले वाटलं साऱ्याईले समजलं. बाई, इचारलं नाई म्हंजे समजलं नसते. इचारलं नाई म्हंजे कोनी पाह्यलंच नसते."

ते सरळ साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं, काही न वगळता. साहेब म्हणाले, "सही माझी आहे," आणि आम्हा दोघांना दुसऱ्या दिवशी वडशाला पाठवलं. माझं माहेर तिथलं, म्हणून मी.

व्यापाऱ्याचं गोदाम रेल्वे फाटकाजवळ. आम्ही कशाला आलो ते कळल्यावर तो पोट धरून हसला. "सरकारनंच टाकलं, आता सरकारच शोधून राह्यलं! घ्या बाप्पा, शोधा. अर्धा माल परवाच कागदाच्या गिरणीत गेला."

समोर कागदांचा डोंगर होता. शाळेच्या वह्या, जुने अंक, कोर्टाचे कागद, सिमेंटच्या पिशव्या. मी पदर खोचला आणि वरून एकेक वाचायला घेतलं. भाऊंनी मला थांबवलं. "वाचू नका. हात फिरवा. निस्ताराचे बस्ते मी दोन येढ्याच्या गाठीनं बांधतो. बाकीचे एका."

हे मला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. कोणी सांगितलं नसताना, वीस वर्षं, ते त्या रजिस्टरांना वेगळी गाठ मारत आले होते. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ते जंगलातल्या लोकाईचे कागद. थे लोक वापस वापस नाई येत इचाराले. एकदा येते. तवा पटकन सापडलं पायजे."

दोन दिवस, सकाळी आठ ते उजेड असेपर्यंत, आम्ही त्या डोंगरात हात फिरवला. भाऊ डोळे मिटून शोधायचे. बोटं थांबली की म्हणायचे, "हे पाहा." दहा रजिस्टरं निघाली. हमाल काम सोडून बघत उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या व्यापाऱ्यानंसुद्धा आमच्यासाठी चहा सांगितला.

अकरावा बस्ता शेवटी सापडला. दोन वेढ्यांची गाठ शाबूत होती. पण घाईत कोणीतरी गाठ न सोडता शेजारून कापडच कापलं होतं. आत काही नव्हतं. कापडाच्या कोपऱ्यावर भाऊंच्या गोल अक्षरात लिहिलेलं: भुरकाटोला.

भाऊंनी कापड घडी करून खिशात ठेवलं. परतीच्या एसटीत मी रडत होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहत फक्त एवढंच विचारलं, "बाई, तसंच काय हाय?"

मला राग आला. "काय तसंच असणार, भाऊ? रजिस्टर गेलं."

"रजिस्टर गेलं. गाव तिथीच हाय. कोवेबाई हाय. वाट हाय. गुराईच्या पान्याचा तरा हाय. ज्याच्यावरून लिवलं होतं थे सारं हाय."

पुढच्या आठवड्यात आम्ही भुरकाटोल्याला गेलो. एसटी जिथे थांबते तिथून तीन तास चाल. मोहाच्या झाडाखाली गाव जमलं. मी वही उघडून पहिला प्रश्न लिहिला होता: "गावाचे निस्तार हक्क कोणते?" भाऊंनी तो खोडायला लावला. "हक इचारला त लोक भीतीन. मंग गारड काय म्हनन ते सांगतीन." ते प्रत्येक घरापुढे बसून विचारत: मागच्या साली घर शाकारलं तेव्हा बांबू कोणत्या टेकडीचा? गुरं पाण्याला कुठून जातात? सरपणाला कोणत्या नाल्यापर्यंत? लोक आधी कमी बोलले, मग एकमेकांना दुरुस्त करायला लागले. कोवेबाईंनी काठी टेकत आम्हाला पूर्ण सीमा चालून दाखवली. प्रत्येक खुणेच्या दगडावर त्या दोन शब्द गोंडीत बोलत आणि पुढे निघत. भाऊ प्रत्येक दगडाला सुतळीवर एक गाठ मारत. मी लिहीत होते. तीन दिवसांत दोन वह्या भरल्या. खाली अंगठे आणि पटवाऱ्याची सही. शेवटी भाऊंनी सुतळीच्या गाठी मोजल्या, मी वहीतले दगड मोजले. आकडा जुळला तेव्हा कोवेबाई म्हणाल्या, "आता तुमच्या आफिसातबी आमचं गाव झालं."

साहेबांनी त्या वह्या मंजुरीसाठी वर पाठवल्या, आणि मंजुरी येईपर्यंत भुरकाटोल्याला बांबू नेऊ द्यावा असं त्या वर्षापुरतं पत्र स्वतःच्या सहीनं दिलं. पाऊस यायच्या आत नऊ घरं शाकारली गेली. मूळ मंजुरी यायची होती. भाऊंनी खिळ्यावरच्या सुतळीला तिच्या नावाची गाठ मारली, दोन वेढ्यांची. आणि नियम बदलला. त्या सोमवारी त्यांनी दारावर खडूनं लिहिलं: "ज्या कामावर कोनी इचारलं नाई त्याची गाठ सोडाची नाई." त्यानंतर आम्ही मुद्दाम विचारायला लागलो. उराडेबाबू तर इतके प्रश्न विचारायचे की बडेबाबू म्हणत, "उराडे, ही गाठ सुटावी म्हणून विचारताय की सुटू नये म्हणून?"

१९८८ साली साठ पूर्ण झाल्यावर मेश्रामभाऊ निवृत्त झाले. जगताप साहेब त्याआधीच बदलून गेले होते. निरोपाच्या दिवशी नवे साहेब भाषणात म्हणाले की लवकरच कार्यालयात संगणक येणार, सगळं काम बदलणार. सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "येऊ द्या. फक्त माठ कुठी राहील तेवढं आधी ठरवा." मग त्यांनी सुतळी खिळ्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली. तिच्यावर एकच गाठ होती, दोन वेढ्यांची.

मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. चामोर्शीच्या गाडीच्या टपावर एका बाईची टोपली बांधायची होती आणि दोरी अपुरी पडत होती. साठ वर्षांचे भाऊ शिडीवर चढले, खिशातली सुतळी जोडली, गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली आणि खाली उतरून आपल्या जागेवर बसले. गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून त्यांचा हळू आवाज मला ऐकू आला नाही. पण त्यांनी हवेत दोन बोटांचा चिमटा धरला, गाठ पकडल्यासारखा, आणि तो सोडला नाही. गाडी वळेपर्यंत तो चिमटा दिसत होता. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. चार वर्षांनी ते गेल्याचं पोस्टकार्ड आलं.

आता बडेबाबूंच्या टेबलावर मी बसते. पुढच्या सोमवारी आमचं कार्यालय पुन्हा नव्या इमारतीत जात आहे. काल मी रिकाम्या दालनात जाऊन आले. माझं टेबल कुठे येणार ते पाहिलं, तिथून बारा पावलं टाकली आणि भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. नवीन मुलं माझ्याकडे बघत होती. बघू देत.

हलवायच्या सामानाची यादी करून झाली आहे, एकशे चौदा बाबी. सर्वांत वर सुतळी. भुरकाटोल्याच्या दोन वह्यांची मंजुरी अजून आलेली नाही. कोवेबाई नाहीत आता. दर एप्रिलला त्यांची सून येते, दारात बसते, पाणी पिते, आणि मी त्या वर्षापुरतं पत्र साहेबांच्या सहीनं काढून तिच्या हातात ठेवते. पत्रात "मंजुरी येईपर्यंत" हे शब्द दर वर्षी असतात. दर वर्षी स्मरणपत्रही जातं. या वर्षीचं टाईप करायचं राहिलंय.